सुश्रुताचें वृद्धिनिदान आणि पुरुषावयवांचीं अर्बुदें

(१) विषयप्रवेश

जुन्या वैद्यकीचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस अंडवृद्धि, अंतर्गळ, कुरंड हे शब्द नवे नाहींत. कोठें एखादा लेप, कोठें काढा, कोठें डाग देण्याची जागा, अशा नोंदींवर हे शब्द मथळ्यासारखे येतात. बाडाची सूचि करणारा गृहस्थ बहुधा वैद्य नसतो. तो कोश उघडतो, त्यांत दिलेलें आधुनिक रोगनाम उचलतो आणि मूळ शब्दाच्या जागीं तें मांडून पुढील पानाकडे वळतो. पुढें त्या सूचीवर विसंबून कोणी वैद्यकाचा इतिहास लिहावयास बसला म्हणजे मूळ शब्द मागें पडतो, आणि सूचिकाराचें भाषांतर हाच पुरावा होऊन बसतो.

हें किती घातक आहे तें एका लहानशा परंतु बोधप्रद उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पुरुषाच्या जननावयवांत अर्बुदें होतात. त्यांपैकीं वृषणाचीं अर्बुदें आपल्या देशांत फार विरळ; लाखांत एकाहूनहि कमी पुरुषांस तीं दरवर्षीं होतात. शिश्नाचीं त्या मानानें आपल्याकडे अधिक आढळतात. हीं अर्बुदें प्राचीन ग्रंथकारांस ओळखतां येत होतीं काय, आणि येत असल्यास त्यांनीं तीं कोणत्या नांवाखालीं नोंदिलीं, हा प्रश्न आहे. यावर दोन पक्ष ऐकूं येतात. एक म्हणतो कीं सर्व कांहीं सुश्रुतांत आहे. दुसरा म्हणतो कीं सूक्ष्मदर्शक यंत्रापूर्वीं कोणासहि कांहीं ठाऊक नव्हतें. मूळ ग्रंथ समोर ठेवून पाहिलें असतां दोन्ही पक्ष टिकत नाहींत असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढें क्रमानें मांडतों.

(२) साधनें

सुश्रुतसंहिता एका हातची व एका काळची नव्हे, हें आतां सर्वमान्य आहे. तिची ज्ञात असलेली सर्वांत जुनी तारीखवार प्रत काठमांडू येथील केसर ग्रंथालयांत ६९९ या क्रमांकाखालीं आहे. ती ताडपत्री असून तिचें लेखन इ. स. ८७८ मधील आहे; २०१३ सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक स्मृतिवारशांत केली. छापील ग्रंथांत अध्यायारंभीं भगवान् धन्वंतरींनीं सांगितल्याप्रमाणें अशा अर्थाचें जें वाक्य येतें तें नेपाळांतील जुन्या प्रतींत नाहीं. एवढ्या एका गोष्टीवरूनहि छापील पाठ हाच मूळ पाठ असें समजून चालणें किती धोक्याचें आहे तें ध्यानांत येईल.

तथापि निदानस्थानाच्या अभ्यासकास मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचें ऋण मानल्यावांचून गत्यंतर नाहीं. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं तेथें १९१५ सालीं डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह संहिता छापविली. १९३८ च्या आवृत्तींत निदानस्थानावरील गयदासाची न्यायचंद्रिका ही टीकाहि जोडली गेली. गयदास हा डल्हणाच्या पूर्वींचा असून डल्हण त्याचीं मतें वारंवार उद्धृत करतो. म्हणून एकाच स्थलावर दोन पिढ्यांचें मत शेजारीं शेजारीं वाचण्याची सोय या आवृत्तीनें झाली. पुढील वर्षीं, म्हणजे १९३९ सालीं, पुण्याच्या भांडारकर संस्थेनें आपल्याकडील सरकारी संग्रहांतल्या वैद्यकग्रंथांची वर्णनात्मक सूचि प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखांत आधार घेतला आहे तो या छापील पाठाचा.

(३) सात वृद्धि

निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायांत वृद्धि, उपदंश व श्लीपद या तिहींचें निदान एकत्र आलें आहे. कुपित झालेला दोष फलकोशाकडे जाणाऱ्या धमन्यांत शिरून तेथें सूज उत्पन्न करतो, तीस वृद्धि म्हणावें, असें सुश्रुत सांगतो. फल म्हणजे वृषण व कोश म्हणजे त्याची पिशवी. या वृद्धीचे त्यानें सात प्रकार केले: वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि आंत्रज.

या सातांचीं लक्षणें वाचतांना ग्रंथकाराचा हात रुग्णाच्या अंगावर होता, याविषयीं संशय उरत नाहीं. वातज वृद्धि वाऱ्यानें फुगविलेल्या भात्यासारखी लागते व कारणावांचून दुखते. पित्तज पिकलेल्या उंबरासारखी दिसते. तिजबरोबर ज्वर व दाह असतो आणि ती लवकर पिकते. कफज कठीण, थंड, कंडु असलेली व अल्प वेदनेची असते. रक्तजेवर काळे फोड उठतात. मेदोज मऊ व तुळतुळीत असून ताडफळासारखी दिसते. मूत्राचा वेग अडवून ठेवण्याची ज्यास खोड आहे त्यास मूत्रज वृद्धि होते, आणि चालतांना ती पाण्यानें भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते. जड ओझें उचलणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें अशा कारणांनीं आंतडें स्थानभ्रष्ट होऊन जांघेच्या सांध्यांत गांठीसारखें राहतें, आणि हयगय केल्यास कोशांत उतरतें. ती आंत्रज वृद्धि. दाबली असतां ती आवाज करीत वर जाते, हात सोडला कीं पुनः फुगते.

यांतील शेवटच्या दोन प्रकारांबद्दल वाद होण्याचें कारण नाहीं. हिंदकळणारी ती पाण्याची वृद्धि, दाबल्यावर वर जाणारी ती अंतर्गळ. आजचा वैद्यहि रुग्णास खोकावयास सांगून व सूज वर ढकलून हाच भेद पाहतो. मूत्रज हें नांव कारणाच्या दृष्टीनें चुकीचें असलें, कारण तें पाणी मूत्र नव्हे, तरी लक्षणाच्या दृष्टीनें वर्णन अचूक आहे. वृद्धीच्या शेजारींच श्लीपद ठेवण्यांतहि अनुभव दिसतो. हत्तीपाय आणि कोशांतील पाणी हीं दोन्ही एकाच कृमीचीं कार्यें होऊं शकतात हें एकोणिसाव्या शतकांत कळलें. १८६३ सालीं पॅरिस येथें डेमार्के यास अशा पाण्यांतच त्या कृमीचीं पिल्लें सांपडलीं, आणि १८७२ सालीं कलकत्त्यास लुइस यानें तीं मनुष्याच्या रक्तांत दाखविलीं. सुश्रुतास कृमि ठाऊक नव्हता, परंतु रोग्यांची दाटी कोणत्या दोन व्याधींत एकत्र दिसते तें त्यानें किंवा त्याच्या परंपरेनें पाहिलें असावें, असें अनुमान करण्यास जागा आहे.

आतां प्रश्न असा कीं या सात प्रकारांत वृषणाचें अर्बुद कोठें आहे? आठवा प्रकार तर नाहीं. कफज वृद्धि कठीण व अल्पवेदना अशी सांगितली असल्यामुळें तीच अर्बुद होय असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु बहुत दिवसांच्या पाण्यानें जाड झालेली पिशवीहि हातास कठीण लागते. क्षयाच्या गांठीहि कठीण व थोड्या वेदनेच्या असूं शकतात. वर्णनांत असें एकहि लक्षण नाहीं कीं जें अर्बुदास लागू पडावें व इतरांस पडूं नये. तेव्हां कफज वृद्धि म्हणजे अर्बुद हें समीकरण ग्रंथाबाहेरचें आहे.

(४) शेजारचा अध्याय

वास्तविक अर्बुद हा व्याधि सुश्रुतास परका नव्हता. वृद्धीच्या लगत आधींचा, म्हणजे अकरावा, अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा आहे. तेथें अर्बुदाचें सामान्य लक्षण असें दिलें आहे कीं तें शरीराच्या कोणत्याहि भागीं होतें. वाटोळें, स्थिर, मोठें, खोल मुळाचें असतें. सावकाश वाढतें, थोडें दुखतें आणि पिकत नाहीं. न पिकण्याचें कारणहि दिलें आहे: कफ व मेद यांचें आधिक्य आणि दोषांचें तेथें घट्ट गुंतून बसणें. त्यांतील मांसार्बुद हा प्रकार मुष्टिप्रहारादि आघातांमुळें उद्भवतो. तो वेदनारहित, तुळतुळीत, त्वचेच्याच रंगाचा, न पिकणारा, दगडासारखा व न हलणारा असून असाध्य असतो, असें वर्णन आहे. एका अर्बुदावर दुसरें उठल्यास त्यास वेगळें नांव आहे, आणि मर्मस्थानीं झालेलें किंवा स्रवणारें अर्बुद सोडून द्यावें असाहि निर्देश आहे.

वेदनारहित व दगडासारखें कठीण ही खूण आजचा वैद्यहि वृषणाच्या अर्बुदाची पहिली खूण म्हणून सांगतो. म्हणजे लक्षण ग्रंथांत आहे, व्याधीचें स्थान शेजारच्या अध्यायांत आहे. परंतु ग्रंथकारानें दोहोंची गांठ घातलेली नाहीं. माधवकरानेंहि आपल्या निदानग्रंथांत वृद्धि व अर्बुद हीं प्रकरणें एकापुढें एक ठेवलीं, तरी तीं जोडलीं नाहींत. कोणत्याहि भागीं या शब्दांत वृषणहि येतो असें म्हणतां येईल. तें तर्कास धरून आहे. परंतु वृद्धीचा रोगी वैद्यापुढें आला असतां वैद्यानें सातांपैकीं एकाची निवड करावयाची होती, आणि त्या सातांत मांसाची वाढ नव्हती, ही गोष्ट तर्कानें पुसली जात नाहीं.

(५) शूकदोष आणि मांसार्बुद

आतां याच निदानस्थानाचा चौदावा अध्याय पाहावा. त्याचा विषय शूकदोष. शिश्न मोठें व्हावें या इच्छेनें अविचारी पुरुष शूक नांवाच्या विषारी कीटकांचे लेप लावीत; त्यांपासून होणाऱ्या अठरा व्याधींची ही यादी आहे. ही चाल केवळ वैद्यांची कल्पना नव्हे. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणांत असा उपाय प्रत्यक्ष सांगितलेला आहे. एका शास्त्रानें सांगितलेला प्रयोग व दुसऱ्या शास्त्रानें नोंदलेले त्याचे परिणाम असे दोन्ही पुरावे हातीं असण्याचें भाग्य इतिहाससंशोधकास क्वचितच लाभतें.

या अठरांत शोणितार्बुद व मांसार्बुद अशीं दोन अर्बुदें आहेत. शोणितार्बुदाचें वर्णन काळे फोड, रक्तयुक्त पुळ्या व तीव्र वेदना असें आहे. तें आजच्या कोणत्या व्याधीशीं जुळवावें याचा निश्चय होत नाहीं. मांसार्बुदाचें वर्णन फारच त्रोटक आहे. मांसाच्या दोषानें होणारें अर्बुद, एवढेंच. परंतु अध्यायाच्या शेवटीं अठरांपैकीं चार व्याधि असाध्य म्हणून निवडले आहेत: मांसार्बुद, मांसपाक, विद्रधि व तिलकालक. मांसपाकांत मांस गळून पडतें. तिलकालकांत तें काळें होऊन झडतें. शिश्नाचा कर्करोग ज्यांनीं वाढलेल्या अवस्थेंत पाहिला आहे त्यांस या चौकडींत तो ओळखीचा वाटेल. तरी मांसार्बुद म्हणजे तोच, असें आम्ही म्हणत नाहीं. मांसार्बुद या नांवाखालीं ज्या रोग्यांची गणना होत असे त्यांत तो असला पाहिजे, एवढेंच म्हणतों. या दोन विधानांतील अंतर लहान दिसलें तरी तेंच संशोधन व अभिमान यांतील अंतर आहे.

येथें मुख्य मुद्दा येतो. शिश्नावरील अर्बुद डोळ्यांस दिसतें. म्हणून त्यास ग्रंथांत नांव मिळालें, स्थान मिळालें व साध्यासाध्यतेचा निर्णयहि मिळाला. वृषणाचें अर्बुद पिशवींत झांकलेलें राहतें. म्हणून तें वृद्धीच्या गर्दींत विरून गेलें. भेद बुद्धीचा नव्हता, झांकणाचा होता.

(६) पाश्चात्य वैद्यकाची साक्ष

वरील अनुमान केवळ एका ग्रंथावर उभें राहूं नये म्हणून दुसऱ्या परंपरेची साक्ष काढणें युक्त होईल. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार केल्सस यानें आपल्या वैद्यकग्रंथाच्या सातव्या भागांत वृषणाचीं आवरणें वर्णून त्यांतील सुजांची वर्गवारी केली आहे. आंतडें उतरणें, पाणी सांठणें, शिरा फुगणें यांबरोबर आवरणांमध्यें मांस वाढणें हाहि प्रकार तो सांगतो, आणि तो विरळ असल्याचें नमूद करतो. ग्रीक लोक त्यास सार्कोसील, म्हणजे मांसाची वृद्धि, म्हणत. या बाबतींत पाश्चात्य यादींत आपल्याहून एक घर अधिक होतें हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्या एका घरांत पुढें अठराशें वर्षें अर्बुद, क्षय, फिरंगरोगाची गांठ व जुनाट सूज हीं सर्व एकत्र कोंबलीं गेलीं. नांव होतें, निवड नव्हती.

उलट जें बाहेर दिसतें त्याचें निदान तेथेंहि आधीं झालें. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट (१७१४–१७८८) यानें १७७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत कोशाच्या त्वचेच्या कर्करोगावर एक लहानसें प्रकरण आहे. धुराडीं साफ करण्यासाठीं लहान मुलांस त्यांत चढवीत. अशा मुलांस मोठेपणीं कोशाच्या खालच्या भागीं कठीण व उचललेल्या कांठांचा व्रण होई. त्या धंद्यांतील लोक त्यास काजळीचा मस म्हणत. हा व्याधि वयांत आल्यावर उद्भवे, म्हणून रोगी व वैद्य दोघेहि तो स्त्रीसंगानें झालेला समजत आणि पारा देत. त्यानें तो अधिकच चिघळे. पुढें तो आंत शिरून वृषणास व तेथून पोटास ग्रासी. पॉटनें सांगितलें कीं याचें कारण संग नव्हे, त्वचेच्या वळ्यांत सांठलेली काजळी होय. आणि आरंभींच तेवढा भाग कापून काढावा, हा एकच उपाय.

१७८८ सालीं आठ वर्षांखालील मुलांस या कामीं लावूं नये असा कायदा झाला, परंतु मुलें चढविण्याची चाल खरोखर मोडली ती १८७५ च्या कायद्यानंतर. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांवर डांबर पुनःपुनः लावून कर्करोग उत्पन्न केला, तेव्हां पॉटच्या म्हणण्यास प्रयोगाचा आधार मिळाला.

शूक आणि काजळी यांतील साम्य वाचकांच्या मनांत आलेंच असेल. दोन्हीकडे बाहेरून लागलेला पदार्थ हें कारण. दोन्हीकडे व्याधि दृष्टीस पडणारा. दोन्हीकडे संगजन्य रोगाशीं त्याचें सान्निध्य, कारण सुश्रुतानेंहि उपदंश वृद्धीच्याच अध्यायांत निराळा काढून ठेवला आहे. परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. पॉटनें एका धंद्यांतील माणसांवरून एका व्याधीचें एक कारण निश्चित केलें. सुश्रुतानें एका कारणाखालीं अठरा व्याधि घातले. पहिली रीति कारण शोधणारी, दुसरी व्याधि मांडणारी. दोहोंस एकाच मापानें मोजूं नये.

(७) झांकलेला अवयव कसा उघडला

वृषणाच्या अर्बुदाचा उलगडा याच्या कितीतरी नंतरचा आहे. ॲस्टली कूपर यानें १८३० सालीं वृषणाची रचना व त्याचे रोग यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांत कापून पाहिलेल्या अवयवांच्या आधारें भेद केले आहेत. परंतु खरी निवड सूक्ष्मदर्शकानें झाली. १८५० सालीं लायडिग यानें व १८६५ सालीं सेर्तोली यानें वृषणांतील ज्या पेशी दाखविल्या त्यांचींच नांवें पुढें दोन विरळ अर्बुदांस मिळालीं. १९०६ सालीं पॅरिसच्या शव्हास्सू यानें आपल्या प्रबंधांत बीजपेशींपासून होणारें सेमिनोमा हें अर्बुद अनेक धातूंच्या मिश्र अर्बुदांपासून वेगळें काढलें. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैनिकांचीं ९२२ अर्बुदें तपासून फ्रीडमन व मूर यांनीं १९४६ सालीं नवी वर्गवारी दिली. त्याच सुमारास, १९४५ सालीं, गोल्डन व ॲश यांनीं वृषणालगतच्या अधिवृषणांत होणारी एक निरुपद्रवी गांठ वेगळी नोंदिली, आणि १९४६ सालीं मासों यानें वृद्धांस होणारा सेमिनोमासारखा परंतु सौम्य असा एक प्रकार निवडला. या दोन नोंदींचें महत्त्व असें कीं विरळ अर्बुद ओळखणें म्हणजे केवळ घातक तें शोधणें नव्हे. घातक वाटणारें परंतु तसें नसणारें वेगळें काढणें हेंहि तितकेंच निदान आहे.

दुसरी वाट रक्तमूत्राच्या परीक्षेची. १९३० च्या सुमारास बर्लिनच्या त्सोंडेक यास असें आढळलें कीं गर्भिणीची म्हणून जी मूत्रपरीक्षा आहे ती वृषणाच्या कांहीं अर्बुदांत पुरुषाच्या मूत्रानेंहि सिद्ध होते. आज त्याच द्रव्याची व आल्फाफीटोप्रोटीन नांवाच्या दुसऱ्या एका द्रव्याची मोजणी रक्तांत करतात. शुद्ध सेमिनोमांत हें दुसरें द्रव्य वाढत नाहीं. वाढलेलें आढळल्यास कापांत कांहींहि दिसो, दुसरी जात मिसळलेली आहे असें धरतात. १९७२ सालीं कोपनहेगनच्या स्काकेबेक यानें गांठ होण्यापूर्वींची पेशींची अवस्थाहि दाखविली. उपचारांत तर क्रांतीच झाली: १९७७ सालीं आइनहॉर्न व डोनोह्यू यांनीं सिसप्लाटिन या औषधासह केलेल्या चिकित्सेचे परिणाम प्रसिद्ध केल्यानंतर, एके काळचा हा असाध्य व्याधि पसरलेल्या अवस्थेंतहि बहुतांशीं साध्य झाला. सुश्रुताचा असाध्य हा शब्द त्याच्या काळापुरता खरा होता. तो शब्द कालातीत समजणें ही वाचणाऱ्याची चूक होय.

(८) वेध आणि अर्बुद

आतां सुश्रुताच्या चिकित्सेकडे एकदां पाहिलें पाहिजे, कारण निदानाची परीक्षा चिकित्सेंत होते. चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत मूत्रज वृद्धीवर असा विधि आहे: शेक देऊन कोश वस्त्रपट्टानें वेढावा, सेवनीच्या, म्हणजे मधल्या शिवणीच्या, बाजूस खालीं व्रीहिमुख शस्त्रानें वेध करावा, दोन तोंडांची नळी घालून पाणी काढावें, नळी काढून स्थगिकाबंध बांधावा. मेदोज वृद्धींत फल व सेवनी यांस जपून चीर द्यावी व मेद काढावा. आंत्रज वृद्धि कोशांत उतरलेली असल्यास सोडावी. नसल्यास जांघेंत अर्धचंद्राकृति शलाकेनें डाग द्यावा. विधि नेटका आहे, आणि सेवनी चुकविण्याची सूचना अनुभवी हाताची आहे.

परंतु पाणी काढल्यावर आंतील फल चाचपून पाहावें असा उल्लेख त्या स्थळीं नाहीं. वृषणाचें अर्बुद कांहीं वेळां आपल्याभोंवतीं पाणी जमवितें. बाहेरून दिसते ती मूत्रज वृद्धि, आंत असतें तें अर्बुद. म्हणून आजचा वैद्य प्रथम दिव्याचा प्रकाश पलीकडून दिसतो कीं नाहीं तें पाहतो, सोनोग्राफीनें आंतील वृषणाचें चित्र घेतो, आणि अर्बुदाचा संशय असल्यास कोशांतून सुई किंवा शस्त्र घालीतच नाहीं. जांघेंतून छेद घेऊन वृषण काढतो. याचें कारण शरीररचनेंत आहे. वृषणाची लसीका पोटांतील महाधमनीलगतच्या ग्रंथींकडे जाते, तर कोशाच्या त्वचेची जांघेंतील ग्रंथींकडे. कोशांतून वेध केला तर अर्बुदास एक नवी वाट खुली होते.

हा भेद केवळ ग्रंथगत नाहीं. ज्या प्रदेशांत हत्तीरोगामुळें कोशांत पाणी होणें सामान्य आहे, जसा आपला विदर्भ, तेथें सामान्याच्या आड विरळ लपणें सर्वांत सोपें. शंभर वृद्धि पाण्याच्या निघाल्या म्हणजे एकशेंएकावी तशीच असेल असें मन सहज धरतें. सुश्रुताच्या यादींत जें घडलें तें आजहि घडूं शकतें, आणि त्याची किंमत तरुण पुरुषाचे प्राण ही असते.

(९) निष्कर्ष

यावरून निघणारे सिद्धांत थोडक्यांत मांडतों. एक: शिश्नाचें घातक अर्बुद सुश्रुतपरंपरेच्या दृष्टीस आलेलें होतें व तें मांसार्बुदादि नांवांखालीं असाध्य म्हणून नोंदिलें गेलें, असें मानण्यास आधार आहे. दोन: वृषणाचें अर्बुद वृद्धीच्या सात प्रकारांत कोठेंहि स्वतंत्रपणें आलेलें नाहीं, त्यास त्यांतील एखाद्या प्रकाराशीं समान ठरविणें निराधार आहे. तीन: हें न्यून आपल्याच परंपरेचें नव्हे, पाश्चात्यांकडे नांव असूनहि निवड विसाव्या शतकापर्यंत पुरी झाली नव्हती.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं वैद्यकीच्या बाडाची सूचि करतांना रोगनामाचें भाषांतर करूं नये; शब्द जसा आहे तसा, मोडींत असल्यास अक्षरशः उतरून, ठेवावा. त्याबरोबर लक्षणें असल्यास तीं द्यावीं, आणि लक्षणें नसल्यास उपाय अवश्य द्यावा. कारण नुसत्या अंडवृद्धि या मथळ्यावरून कांहींच कळत नाहीं. परंतु खालीं जांघेंत डाग देण्यास सांगितलें असेल तर लिहिणाऱ्याच्या मनांत आंत्रज वृद्धि होती, वेध सांगितला असेल तर मूत्रज, आणि चीर देऊन मेद काढावयास सांगितलें असेल तर मेदोज, असा तर्क करतां येतो. उपाय हीच तेथें निदानाची साक्ष होय. एखाद्या नोंदींत दगडासारखी, न दुखणारी, कोणत्याहि उपायास न जुमानणारी सूज असें कांहीं आढळलें, तर तें पान फार मोलाचें समजून जपावें. वृद्धि व अर्बुद यांमधील जी भिंत ग्रंथकारांनीं ओलांडली नाहीं ती एखाद्या अनाम वैद्यानें आपल्या अनुभवाच्या बळावर ओलांडली असल्याचा तो पुरावा ठरेल. असा पुरावा सांपडल्यास तो आधुनिक नांवाखालीं दडपला जाऊं नये, त्याच वैद्याच्या शब्दांत प्रसिद्ध व्हावा.